कर साठ लाखांवर नसतो, ताई

पत्र भुसावळहून आलंय, पण त्यातलं घर अमळनेरचं आहे. ताईंनी नाव छापू नका असं सांगितलंय. पत्र चार पानी होतं, त्यातला कामाचा भाग तेवढा इथे देतो.

"माझं वय ६४. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाले, पेन्शन महिना ३८,००० आणि ठेवींचं व्याज वर्षाला साठेक हजार. वडिलांनी १९८८ साली अमळनेरला ८५,००० रुपयांत घर घेतलं. २०१२ च्या दिवाळीत त्यांनी वर स्लॅब टाकून एक खोली काढली, तीन लाख लागले. वडील २०१६ ला गेले, आई मागच्या वर्षी. आता आम्ही तिघं, दोन भाऊ आणि मी, घर विकतोय. सौदा ६० लाखांना ठरला, एक लाख एक रुपया इसार चेकने घेतला, खरेदीखत फेब्रुवारी २०२६ मध्ये आहे. घेणारे म्हणतात, कागदावर पंचेचाळीस दाखवू, पंधरा वरून देऊ. मोठा भाऊ म्हणतो, ताई, तू हक्कसोड करून दे, तीन-तीन सह्यांचा घोळ नको, तुझे पैसे मी देईन. स्टँप व्हेंडर म्हणतो, वारसाहक्काच्या घराला करच नसतो. आणि पुण्याचा मुलगा म्हणतो, आई, लगेच फ्लॅट घे, नाहीतर अर्धे पैसे सरकार नेईल. मी कोणाचं ऐकू? कर नक्की किती? ता.क. ओसरीवरचा सागवानी झोका मला हवाय. तोही हिशेबात धरायचा का?"

ताई, चौघांनी चार सल्ले दिलेत, पण कागद-पेन घेऊन आकडा कोणीच काढलेला दिसत नाही. आपल्याकडे घर विकण्याची रीत अशी, की घर इकं, पैसा उना, काम सरनं; म्हणजे घर विकलं, पैसा आला, काम संपलं. कराची आठवण येते ती पुढच्या जुलैत, आणि तोवर पैसे कुठेतरी अडकलेले असतात. तुम्ही खरेदीखताच्या आधी विचारलंत, त्यामुळे अजून सगळं हातात आहे.

स्टँप व्हेंडरचं म्हणणं अर्धं खरं आहे. वारसाने घर मिळतं तेव्हा कर नसतो. ते विकून नफा होतो त्यावर मात्र असतो. त्याच्या डोक्यात बहुधा शेती असावी. गावाकडची शेतजमीन विकली तर खरोखरच हा कर लागत नाही, कारण कायद्याच्या व्याख्येत ती भांडवली मालमत्ताच नाही. पण ती शहराच्या हद्दीपासून ठरावीक अंतराच्या बाहेर असावी लागते. जळगाव किंवा धुळ्यासारख्या लाखाच्या वर आणि दहा लाखांच्या आत वस्ती असलेल्या शहराभोवती हे अंतर सरळ रेषेत सहा किलोमीटर आहे. घराला असली सवलत नाही, मग ते गावठाणातलं का असेना.

आता मुलाच्या 'अर्धे पैसे'कडे येऊ. कर साठ लाखांवर नसतो, तुमच्या वाट्याच्या वीस लाखांवरही नसतो. वीस लाखांतून घराची किंमत वजा करून जो नफा उरतो, त्याच्यावर असतो. सगळा खेळ ही किंमत कोणती धरायची याचा आहे. घर वारसाने आलं की किंमत शून्य धरायची, असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं नाही. वडिलांची किंमत तीच तुमची किंमत आणि वडिलांनी ज्या दिवशी घर घेतलं त्या दिवसापासून ते तुमच्याकडे आहे, असं कायदा मानतो. त्यामुळे हा नफा दीर्घ मुदतीचा ठरतो. घरासाठी ती मुदत २४ महिन्यांची आहे, तुमची ३७ वर्षांची.

पण १९८८ चे ८५,००० धरून बसू नका. १ एप्रिल २००१ च्या आधी घेतलेल्या घरासाठी त्या दिवशीची बाजारभावाची किंमत धरायची मुभा आहे. एकच अट, ती त्या दिवशीच्या मुद्रांक मूल्यापेक्षा, म्हणजे तेव्हाच्या रेडी रेकनरने (सरकारी दरतक्त्याने) निघणाऱ्या किमतीपेक्षा, जास्त नसावी. ही किंमत नोंदणीकृत मूल्यांकनकाराकडून लेखी काढून घ्या. तो घरी येऊन टेप लावेल, भिंतींची जाडी, जोत्याची उंची, लाकूड सागाचं की दुसरं हे लिहून घेईल, फोटो काढेल. त्याला वडिलांचं खरेदीखत, मालमत्ता पत्रक आणि जुन्या घरपट्टीच्या पावत्या द्या. त्या गल्लीत २०००-०१ च्या सुमारास एखादं घर विकलं गेलं असेल तर दुय्यम निबंधकाच्या कार्यालयातून त्याचा सूची क्रमांक दोनचा उतारा काढा, मूल्यांकनाला बळकटी येते. आणि हे सगळं घर अजून उभं आहे तोवर करा. आमच्या नात्यातल्या एकांनी चोपड्याचं घर असंच विकलं आणि अहवालाची आठवण झाली दोन वर्षांनी, नोटीस आल्यावर. तोवर घेणाऱ्याने घर पाडून तिथे दुकानांचे गाळे उठवले होते. मूल्यांकनकार मोजणार काय? एका लग्नाच्या अल्बममधल्या तीन फोटोंवर भागवावं लागलं. पुढे नवरदेव आणि त्याच्या मागे माडीचा कठडा.

समजा तुमच्या घराची २००१ ची किंमत ७,२०,००० निघाली. तुमचा तिसरा हिस्सा २,४०,०००. वरच्या खोलीचे तीन लाख, त्यातला तुमचा एक लाख. हा खर्च वडिलांनी केला असला तरी तुम्हाला धरता येतो. मात्र कागद लागेल: सिमेंट-सळईची बिलं, पासबुकातल्या नोंदी, नगरपालिकेची बांधकाम परवानगी, निदान घरपट्टी वाढल्याची नोंद. रंगरंगोटी, कौलं शाकारणं वगैरे यात येत नाही. २००१ च्या आधी केलेलं कामही वेगळं धरायचं नाही, ते २००१ च्या किमतीत आलंच.

दलालाला एक टक्का देणार असाल तर साठ हजार, तुमचे वीस. तेही वजा होतात, पण बँकेतून द्या आणि पावती घ्या.

आता दोन रस्ते. जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात घराच्या नफ्यावरचा दर २० वरून साडेबारा टक्क्यांवर आला, पण महागाईनुसार किंमत वाढवून धरण्याची सोय, म्हणजे इंडेक्सेशन, काढून घेतली. लोकांनी ओरड केली, तेव्हा २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेल्या घर-जमिनीसाठी निवासी व्यक्तींना एक सूट मिळाली: दोन्ही पद्धतींनी कर काढा, जो कमी तो भरा. तुमचं घर त्यात बसतं.

पहिला रस्ता, इंडेक्सेशनशिवाय. वीस लाखांतून दलालीचे वीस हजार गेले, उरले १९,८०,०००. त्यातून २,४०,००० आणि १,००,००० वजा. नफा १६,४०,०००. साडेबारा टक्क्यांनी कर २,०५,०००.

दुसरा रस्ता, इंडेक्सेशनसह. सरकार दरवर्षी महागाईचा एक निर्देशांक जाहीर करतं. २००१-०२ चा १००, २०१२-१३ चा २००, आणि २०२५-२६ चा ३७६. म्हणजे २००१ चे २,४०,००० आज ९,०२,४०० होतात, आणि २०१२ चे एक लाख १,८८,००० होतात. १९,८०,००० मधून ही बेरीज, १०,९०,४००, वजा केली की नफा उरतो ८,८९,६००. वीस टक्क्यांनी कर १,७७,९२०.

दुसरा स्वस्त पडला, सत्तावीस हजारांनी. घर तुमच्याकडे २०१६ ला आलं म्हणून निर्देशांकही २०१६ पासूनच, असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. मुंबई उच्च न्यायालयाने २०११ सालीच सांगितलंय, की आधीच्या मालकाच्या काळापासून धरायचं.

पण ७,२०,००० हा आकडा मी धरलेला आहे. तो हलला की उत्तर हलतं. समजा मूल्यांकन ४,८०,००० च निघालं, तर इंडेक्सेशनने कर २,३८,०८० होतो आणि साडेबाराने २,१५,०००. म्हणजे रस्ताच बदलला. आणि कोणी अज्ञानाने १९८८ चे ८५,००० घालून साडेबारा टक्के लावले तर २,३१,४५८. माझ्या आकड्यापेक्षा त्रेपन्न हजार जास्त, तेही एकट्या तुमच्या वाट्याला. म्हणून म्हणतो, त्या एका अहवालाचे पैसे वाचवू नका. तिघांनी मिळून एकच अहवाल पुरतो.

करावर चार टक्के सेस येतो. १,७७,९२० चे १,८५,०४० होतात. वीस लाख हाती येऊन एक लाख पंच्याऐंशी हजार कर. मुलाला हा आकडा सांगा. अर्धे कुठे, दहावा हिस्सासुद्धा नाही.

इथे आणखी एक गैरसमज आडवा येतो. २०२५ च्या अर्थसंकल्पानंतर 'बारा लाखांपर्यंत कर नाही' हे पानटपरीवरसुद्धा पाठ झालंय. माझ्याकडे आलेले एक गृहस्थ तर हसत हसत म्हणाले, नफा नऊ लाख, मग शून्य कर! ती बारा लाखांची सूट पगार, पेन्शन, व्याज अशा नेहमीच्या उत्पन्नावरची आहे. घराच्या नफ्यासारख्या वेगळ्या दराच्या उत्पन्नाला ती लागू नाही. उलट तुमच्या बाबतीत या वर्षी थोडा चिमटा बसेल. एरवी तुमची पेन्शन आणि व्याज, पंच्याहत्तर हजारांची प्रमाणित वजावट काढून, ४,४१,००० होतं. चार लाखांवरच्या एक्केचाळीस हजारांवर पाच टक्के, म्हणजे दोनेक हजार, आणि तेही त्या सवलतीत माफ होतात. या वर्षी घराचा नफा मिळवून एकूण उत्पन्न बारा लाखांच्या वर जाणार, म्हणून ते दोन हजारही भरावे लागतील. रक्कम छोटी आहे, पण रिटर्नमध्ये अचानक दिसली की माणूस दचकतो.

भावांचं गणित वेगळं आहे, आणि ते त्यांनी आपापलं करावं. तुम्ही लिहिलंय, की धाकट्याची पिठाची गिरणी आहे आणि वर्षाला दीड-पावणेदोन लाख सुटतात. समजा १,६०,०००. नव्या करप्रणालीत चार लाखांपर्यंतचं उत्पन्न करमुक्त, म्हणजे त्याचे २,४०,००० रिकामे राहिले. ही रिकामी जागा घराच्या नफ्यातून भरून काढता येते. त्याचा कर ६,४९,६०० वर वीस टक्के, १,२९,९२० आणि वर सेस. एस.टी.तून निवृत्त झालेल्या मोठ्या भावांची पेन्शन नाममात्र आहे, त्यांचंही तसंच. तिघांत सगळ्यात जास्त कर तुम्हाला बसणार. शाळेत चाळीस वर्षं खडू झिजवल्याची शिक्षा समजा हवं तर.

आता 'वरून पंधरा'. याचं उत्तर मी सरळ नको असं देतो, पण नीतीचा पाठ द्यायला बसत नाही, आकडेच मांडतो. दुय्यम निबंधकाकडे तुमच्या घराचं मूल्यांकन ५१ लाख निघालं, असं तुम्हीच लिहिलंय. कायदा म्हणतो, खरेदीखतातली रक्कम सरकारी मूल्यापेक्षा कमी असेल आणि सरकारी मूल्य त्या रकमेच्या ११० टक्क्यांहून जास्त असेल, तर सरकारी मूल्य हीच विक्रीची किंमत. पंचेचाळीसचे ११० टक्के साडेएकोणपन्नास. एक्कावन्न त्याच्या वर. म्हणजे कागदावर पंचेचाळीस लिहिलं तरी तुम्हाला कर एक्कावन्नावरच. वाचलं काय? साठ आणि एक्कावन्नमधल्या नऊ लाखांवरचा कर. तुमच्या वाट्याचे तीन लाख, त्यांचे वीस टक्के, साठ हजार.

आणि धोका काय? स्थावराच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने घेता येत नाही. घेतली तर जेवढी घेतली तेवढाच दंड, आणि तो घेणाऱ्यावर, म्हणजे तुमच्यावर. तुमच्या वाट्याचे पाच लाख रोख, दंड पाच लाख. साठ हजार वाचवायला पाच लाखांची जोखीम कापसाच्या व्यापारातसुद्धा कोणी घेत नाही. शिवाय ते पाच लाख ठेवणार कुठे? बँकेत भरले की प्रश्न, न भरता कपाटात ठेवले की रात्रीची झोप गेली.

घेणाऱ्याला तरी यात काय मिळतं? त्याची स्टँप ड्युटी सरकारी मूल्य आणि व्यवहाराची रक्कम यांतल्या मोठ्या आकड्यावर लागते, म्हणजे एक्कावन्नावर लागणारच. नऊ लाखांवरची ड्युटी तेवढी वाचते. खरं कारण बहुतेक वेळा त्याच्याकडची रोख असते. ती खपवायला त्याला तुमचं घर हवंय. त्याला सांगा, सगळे पैसे बँकेतून, आणि तिघांच्या तीन खात्यांत वेगवेगळे. सगळी रक्कम मोठ्या भावाच्या खात्यात घालून मग वाटून घेऊ, असं नको. नंतर तपासणी आली तर कोणाचे किती हे सिद्ध करत बसावं लागतं.

साठ लाखांचा व्यवहार म्हटल्यावर घेणाऱ्याने एक टक्का टीडीएस कापायलाच हवा. मर्यादा ५० लाखांची आहे, आणि ती प्रत्येक विकणाऱ्याच्या वाट्यावर नाही, सगळ्या व्यवहारावर मोजतात. ऑक्टोबर २०२४ पासून हे स्पष्टच केलंय. तेव्हा "तुमचे तर वीसच लाख, टीडीएस नाही" असं तो म्हणाला तर चुकतोय. तुमचे वीस हजार कापून तो तुमच्या पॅनवर भरेल, ते तुमच्या २६एएस मध्ये, म्हणजे पॅनवर जमा झालेल्या कराच्या तक्त्यात, दिसतील आणि करातून वजा होतील. तुम्हाला भरायचे उरतील १,६५,०४०, आणि पेन्शनवरचे ते दोनेक हजार. आज एक काम करा, तिघांचंही पॅन आधारला जोडलेलं आहे ना, हे पाहून घ्या. एकाचं जरी बंद पडलेलं निघालं तर त्याच्या वाट्यातून एक टक्क्याऐवजी वीस टक्के कापले जातात. वीस लाखांचे चार लाख. परत मिळतील, पण रिटर्न भरून, वाट बघून.

हक्कसोडीचं वाचलं आणि पेन थोडा वेळ खाली ठेवला. तुमचे भाऊ वाईट मनाने म्हणत असतील असं मला पत्रावरून वाटत नाही. सह्यांची धावपळ खरीच असते. पण हक्कसोडपत्र झालं की तुमचा हिस्सा भावाचा झाला. पुढे त्यांनी दिले ते पैसे भावाने बहिणीला दिलेली भेट, नाही दिले तर मागायला कागद नाही. बरं, तुमच्या हिश्श्याचा नफाही त्यांच्या नावावर चढणार आणि त्यावरचा कर त्यांनीच भरायचा. तुम्हाला देताना तो वजा करून देतील की न करता? हा प्रश्न आत्ता विचारायला संकोच वाटतो आणि नंतर विचारला की आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी जाणं अवघड होतं. आणि हक्कसोडपत्रातच "इतके रुपये घेऊन" असं लिहिलं, तर ती तुमची विक्रीच झाली, कर तुमच्यावर आलाच. मग सोपं काय झालं? भुसावळहून अमळनेर रेल्वेच्या वाटेवर आहे. एक दिवस जा, खरेदीखतावर तिसरी सही करा, अंगठा आणि फोटो द्या, दुपारी भावाकडे भरीत-भाकरी खाऊन संध्याकाळच्या गाडीने परत या.

मुलाचा फ्लॅट. सोय खरी आहे: राहतं घर विकून झालेला नफा दुसऱ्या राहत्या घरात घातला तर तेवढ्या नफ्यावर कर नाही. विक्रीच्या आधी एक वर्ष किंवा नंतर दोन वर्षांत घ्यावं, बांधायचं असेल तर तीन वर्षांत. तुमचं भुसावळला घर आहे म्हणून ही सूट अडत नाही. नवं घर तुमच्या नावावर हवं, आणि तीन वर्षं विकता येणार नाही. पण मुलाने पाठवलेला फ्लॅट ४५ लाखांचा आहे. त्याची स्टँप ड्युटी आणि नोंदणीच तीन लाखांच्या आसपास जाईल. एक लाख पंच्याऐंशी हजार वाचवायला तीन लाख खर्च आणि पंचवीस लाखांचं कर्ज! मुलाला पुण्यात घर हवंच असेल तर ती वेगळी गोष्ट आहे, चांगलीही आहे, पण ती तशीच बोलावी. कराच्या नावाखाली नको. तुमची म्हातारपणाची सगळी पुंजी एका सातव्या मजल्यावर अडकवण्याआधी, तुम्हाला स्वतःला तिथे राहायचंय का, हे ठरवा; पत्रात ते कुठेच नव्हतं.

तुमच्यासाठी मला रोखे जास्त सोयीचे दिसतात. आरईसी, पॉवर फायनान्स, इंडियन रेल्वे फायनान्स अशा सरकारी कंपन्यांचे खास भांडवली नफ्याचे रोखे असतात. विक्रीपासून सहा महिन्यांत घ्यायचे, मर्यादा ५० लाख, पाच वर्षं काढता येत नाहीत, त्यांच्यावर कर्जही काढायचं नाही. व्याज सव्वापाच टक्के, त्यावर कर लागतो. लोक व्याज ऐकून नाक मुरडतात. पण बघा, इंडेक्सेशनच्या हिशेबातला नफा ८,८९,६०० आहे. ८,९०,००० चे रोखे घेतले की त्या बाजूचा कर शून्य, आणि दोन्ही बाजूंतला कमी तोच लागू. बँकेच्या ठेवीपेक्षा व्याज दीड-दोन टक्के कमी धरलं तर पाच वर्षांत सत्तर ते नव्वद हजार कमी मिळतील. कर वाचतो एक लाख पंच्याऐंशी हजार. उरलेले अकरा लाख तुमच्या हाताशी राहतातच. फक्त या नऊ लाखांची पाच वर्षं गरज पडणार नाही, अशी खात्री हवी. गुडघ्याचं ऑपरेशन पुढच्या वर्षी करायचंय असं तुम्ही लिहिलंय, तर त्याचे पैसे आधी बाजूला काढा आणि रोखे पाचच लाखांचे घ्या. लाखभर तरी वाचतोच. रिटर्नमध्ये हे मांडायला मात्र सीए गाठा, दोन्ही हिशेब शेजारी शेजारी मांडणारा.

घर बांधायचं ठरलं आणि जुलैपर्यंत पैसे खर्ची पडले नाहीत, तर ते भांडवली नफा खात्यात ठेवावे लागतात. हे खातं ग्रामीण शाखेत उघडत नाहीत. तुम्हाला बहुधा लागणार नाही.

भरायचं कधी? तुम्ही साठीच्या पुढच्या, व्यवसायाचं उत्पन्न नाही, म्हणून तुम्हाला आगाऊ कर नाही. मोठ्या भावालाही नाही. रिटर्न भरण्याआधी, ३१ जुलै २०२६ च्या आत भरलात की झालं. धाकट्याला मात्र गिरणी आहे आणि साठी नाही, त्याने १५ मार्चच्या आत आगाऊ कर भरावा, नाहीतर एप्रिलपासून महिन्याला एक टक्का व्याज. आयकराच्या संकेतस्थळावर 'ई-पे टॅक्स' मध्ये जाऊन आकारणी वर्ष २०२६-२७ निवडा. २०२५-२६ नाही, इथेच सगळे चुकतात. तुमच्यासाठी प्रकार स्व-मूल्यांकन कर, म्हणजे ३००. त्याच्यासाठी आगाऊ कर, १००. चलन छापून ठेवा. तुमचं रिटर्न यंदा 'सहज' या सोप्या फॉर्ममध्ये बसणार नाही, आयटीआर-२ भरायचं. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू होतोय म्हणून कोणी घाबरवेल. तुमची विक्री फेब्रुवारीतली आहे, तिला जुनाच कायदा.

राहिला झोका. घरातली आपली वापराची जंगम वस्तू या करात येत नाही, तेव्हा हिशेबात धरू नका. पण तो कड्यांनी तुळईला टांगलेला आहे, आणि खरेदीखतात "घर, त्यातील जडवलेल्या वस्तूंसह" असं एक वाक्य हटकून असतं. घेणाऱ्याने एकदा त्यावर बसून पाहिलं की तो त्याचा झाला समजा. तेव्हा खरेदीखताच्या आधीच्या रविवारी सुतार घेऊन जा आणि कड्यांसकट उतरवून आणा. कड्या पितळी असतील तर आधी त्या.